घासायचं राहिलेलं नाव

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत रासन्यांचं भांड्यांचं दुकान आहे. मालक उत्तम रासने. वय पन्नाशीच्या पुढे, पोट थोडं सुटलेलं, आवाज गोड, आणि गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने पायरी उतरू द्यायची नाही ही घरची शिकवण. तर हा उत्तम यंदाच्या दिवाळीनंतर बँकेत जायचं असलं तरी लांबचा रस्ता धरायला लागला. जवळच्या रस्त्यावर एक तीन मजली इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर सुमती करंदीकर भाड्याने राहतात आणि दुपारी गॅलरीत बसून भाजी निवडतात. बस, एवढंच कारण. ऐंशीला टेकलेल्या बाईने मेथी निवडता निवडता खाली बघू नये म्हणून हा गडी उन्हातून आख्खा वळसा घालून जायचा. चोरी नाही केली, दरोडा नाही घातला. पण लाज ही गोष्ट अशी वाईट आहे बघा, चोराला वाटत नाही आणि चांगल्या घरच्या माणसाला जगू देत नाही.

झालं काय ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

उत्तमचे वडील, सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, जुन्नरकडून आले आणि त्यांनी हे दुकान टाकलं. त्या काळी लग्नसराईत दुकानासमोर जी रांग लागायची ती भांडी घ्यायला कमी आणि भांड्यावर नाव घालून घ्यायला जास्त. डबा असो, परात असो, ठोक्याचं पातेलं असो, त्यावर 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं नाव आल्याशिवाय त्याला आहेर म्हणायचं नाही. उत्तमचं अक्षर झकास. मिशीही फुटली नव्हती तेव्हापासून तो गल्ल्याशेजारी स्टुलावर बसायचा, हातात ते टर्रर्र करणारं पेनासारखं मशीन धरायचा आणि अर्ध्या डोंबिवलीच्या आत्या-मामांची नावं स्टीलवर उमटवायचा. आजही कुठल्याही जुन्या घरात जा, पोह्यांचा डबा उलटा करा, उत्तमचं अक्षर सापडेल.

मग पत्रिकांवर एक ओळ छापून यायला लागली. 'कृपया आहेर आणू नये.' छापणाऱ्याला वाटलं आपण फार सुधारलो, इकडे रासन्यांच्या पोटावर बरोबर पाय पडला. त्यात फोन आले, फोनवरची दुकानं आली. माणसं यायची, कढई हातात घेऊन उलटसुलट करायची, फोटो काढायची आणि 'बघून सांगते हं दादा' म्हणून जायची. कसलं बघून, घरी जाऊन फोनवर मागवायची! आणि आता तर ते दहा मिनिटांत कुकर घरी आणून देणारे आलेत. उत्तमला माळ्यावरून कुकर काढायला शिडी लावायलाच दहा मिनिटं लागतात.

चालू राहिली ती एकच गोष्ट, मोड. जुनी तांब्या-पितळेची भांडी घेऊन लोक यायचे, वजनावर मोडीत द्यायचे आणि त्या बदल्यात नवीन स्टील न्यायचे. ती मोड साठली की कल्याणच्या एका व्यापाऱ्याकडे जायची आणि तिथून भट्टीत. यात अप्पांचा एक नियम होता. जुन्या भांड्यावर कुणाचं तरी नाव असायचंच, छिन्नीने ठोकून ठिपक्या ठिपक्यांनी घातलेलं. अप्पा आधी कानस घ्यायचे, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत ते नाव घासून काढायचे आणि मगच भांडं तराजूत ठेवायचे. "माणसाचं नाव आगीत घालू नये रे," म्हणायचे. "वस्तू आपण घेतली. नाव त्यांचं त्यांच्याकडे राहू दे." बायका त्या घासलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवायच्या आणि मगच त्यांच्याने ते भांडं सोडवायचं.

अप्पा गेल्यावरही उत्तमने हे पाळलं. मग योगिनीने नोकरी सोडली.

योगिनी म्हणजे उत्तमची एकुलती एक लेक. ठाण्यात एका कंपनीत होती, तिथे कंटाळली आणि एक दिवस दुकानात येऊन बसली. उत्तम एका तांब्याच्या हंड्यावर कानस मारत होता. ती अशी किंचाळली की शेजारचा चप्पलवाला धावत आला.

"बाबा! काय करताय? नाव कशाला घालवताय?"

"मोड आहे गं. भट्टीत जायचीये."

"भट्टीत? अहो घोडबंदर रोडला टॉवरमधले लोक वेडे झालेत या गोष्टींसाठी. पॉलिश करून कोपऱ्यात ठेवतात. आणि नाव तर हवंच त्यांना! नावामुळे तर ते खरं वाटतं."

पोरगी हुशार, यात वाद नाही. वागळे इस्टेटमध्ये बफिंग करणारा एक गाळा तिने शोधला. काळंठिक्कर पडलेलं घंगाळ तिथे सकाळी द्यावं आणि संध्याकाळी आणताना डोळे दिपावेत. 'चकाकी' असं धंद्याचं नाव ठेवलं, फोनवर पान उघडलं. पहिल्याच महिन्यात जे विकलं गेलं ते बघून उत्तमने कानस खिळ्याला टांगली ती टांगलीच.

पण नुसती चकाकी पुरत नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कुणाचं होतं?" योगिनी म्हणाली, "बाबा, यांना भांडं नको असतं, गोष्ट हवी असते. तुम्ही सांगा ना, तुम्हाला येतं." आणि खरंच येत होतं हो! आयुष्यभर काउंटरवर उभं राहून बायकांची सासरं-माहेरं ऐकलेला माणूस तो. योगिनीने फोन धरला आणि उत्तम हंड्यावर हात ठेवून बोलायला लागला. कुठली विहीर, कुठली पहाट, कुठली नववधू. पहिल्यांदा जे ऐकलं होतं तेच सांगितलं. मग थोडं मीठ घातलं. मग मीठच जास्त आणि भाजी कमी. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. उत्तमला तो आनंद दुकानात कधी मिळाला नव्हता. स्टीलचा डबा घेताना कोण रडतं?

एक मात्र त्याने लपवलं. मोड द्यायला येणाऱ्यांना तो अजून तेच सांगत होता, भट्टीत जातं म्हणून, आणि भाव लावत होता तोही भट्टीचाच. योगिनीने एकदा विचारलं होतं, "बाबा, त्यांना सांगता ना आपण हे विकतो म्हणून? आणि त्यांनाही बरे पैसे देता ना?" उत्तम म्हणाला, "हो गं, सांगतो की." पोरगी बापावर विश्वास ठेवून मोकळी झाली. लहानपणापासून तिने एकच ऐकलं होतं, रासन्यांचा तराजू खोटा नाही. तराजू खोटा नव्हताच म्हणा, फक्त जीभ खोटी होती.

गणपतीनंतरची गोष्ट. सुमतीकाकू दुकानात आल्या. बरोबर त्यांची सून दिशा, आणि दिशाच्या हातात एक मोठं तांब्याचं घंगाळ. उत्तम उठून उभाच राहिला. कारण काकू म्हणजे काय साधं गिऱ्हाईक नव्हे. अप्पांच्या वेळेपासून दर धनत्रयोदशीला त्या यायच्या, आणखी काही नाही तरी एक चमचा न्यायच्याच. त्यांच्या नात्यातल्या सगळ्या लग्नांची भांडी इथून गेली. लॉकडाउननंतर दुकान उघडलं तेव्हा काकूंनी आख्ख्या भजनी मंडळाला दटावून इथे पाठवलं होतं. "फोनवरून मागवाल तर माझ्याशी गाठ आहे!"

"बिल्डिंग पाडायला घेतली रे आमची," काकू स्टुलावर बसत म्हणाल्या. "नवीन होईस्तोवर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं. हे काही मावत नाही बघ तिथे."

"मी म्हणत होते आई, माझ्या माहेरी ठेवू," दिशा म्हणाली. ती मनापासून म्हणत होती. उत्तमला तेव्हाही कळलं होतं ते.

"लोकांच्या घरी कशाला ओझं? तिथे तरी कुठे जागा आहे?"

मग काकूंनी न विचारताच सगळं सांगितलं. घंगाळ त्यांच्या आईचं. आई खडवलीची, तिथल्या नदीकाठच्या घरातली. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं. त्यावर ठिपक्यांनी कोरलं होतं, 'चि. द्वारका हिस बाबांकडून'. काकूंची पहिली अंघोळ यातल्या पाण्याने. मग काकूंच्या मुलाची, अपूर्वची. मग अपूर्व आणि दिशाच्या मुलीची. घरात बाळ आलं की हेच घंगाळ न्हाणीघरात यायचं. "पाणी काय गरम राहायचं रे यात. बाळ झोपून जायचं अंघोळ घालता घालता."

उत्तम मन लावून ऐकत होता. काकूंना वाटलं असेल, किती मायेने ऐकतोय. आणि हा मनातल्या मनात ते सगळं साठवून ठेवत होता. द्वारका, खडवली, नदी, बाळाची पहिली अंघोळ. अरे अरे अरे! किती मोठी गोष्ट हाताशी आली म्हणून त्याला चक्क आनंद झाला होता.

"कुणी वापरायला नाही का रे नेणार?" काकूंनी विचारलं.

आता इथे तोंड उघडायचं होतं. 'काकू, हल्ली अशी भांडी विकली जातात, बऱ्या किमतीला जातात, तुम्हाला जास्त देतो', एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही होतं म्हणे. पण योगिनीचं लग्न ठरलेलं, त्याच्या हॉलचं भाडं भरलेलं, आणि सवय. सवय फार हरामखोर असते.

"तांबं कोण वापरतंय काकू आता? भट्टीतच जातं सगळं."

काकूंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "नाव घासून घेतोस ना? अप्पा घ्यायचे."

"घेतो की. कानस जरा बोथट झालीये, धार लावून आणतो. भट्टीला जायच्या आधी घेतोच."

काकूंनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, बदल्यात स्टीलचे दोन डबे घेतले आणि गेल्या. कानस उत्तमच्या डोक्यावर खिळ्याला लटकत होती. बोथट-बिथट काही नव्हती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. आकाशकंदील, उटणी, साड्या, पणत्या आणि 'चकाकी'चं टेबल. योगिनीने घंगाळ मधोमध ठेवलं होतं, खाली झेंडूच्या पाकळ्या. बफिंगने असं उजळलं होतं की बघणाऱ्याचं तोंड त्यात दिसावं. दुपारनंतर गर्दी वाढली, आणि एक ताई घंगाळासमोर थांबल्या. वल्लरी त्यांचं नाव, घोडबंदरला राहणाऱ्या, बोलायला अगदी साध्या. "काका, याची काही गोष्ट आहे का?"

आहे का म्हणजे काय! उत्तमने बाह्या सरसावल्या. आजूबाजूच्या चार बायका वळल्या, तसा त्याला जोर चढला. खडवलीची नदी सांगितली. द्वारका सांगितली. लेकीच्या पाठवणीला बापाने डोक्यावरून आणलेलं घंगाळ सांगितलं, यातलं 'डोक्यावरून' उत्तमच्या पदरचं. बाळांच्या अंघोळी सांगितल्या. बायका च् च् करायला लागल्या. मग गोष्टीला शेवट हवा म्हणून त्याने रोजचा शेवट जोडला.

"आजी होत्या तोवर जिवापाड जपलं हो. आजी गेल्या, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी मोडीत आणून टाकलं. घरात अडगळ नको म्हणे! मी म्हटलं, अहो यावर नाव आहे तुमच्या माणसाचं. तर म्हणाल्या, नावाचं काय, किलोचा भाव बोला. काय सांगू ताई, भट्टीच्या तोंडातून वाचवलंय आम्ही हे."

"बाई गं," कुणीतरी म्हणालं.

आणि त्या कुणीतरीच्या मागे सुमतीकाकू उभ्या होत्या.

शेजारी दिशा. तिचं ऑफिस ठाण्यातच, ती सासूला कौतुकाने दिवाळीची खरेदी करायला घेऊन आली होती. तिच्या हातात पणत्यांची पिशवी होती आणि चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. जिवंत बाईला उत्तमने तिच्यादेखत मारून टाकलं होतं, वर तेरावं घातलं होतं. आणि सासूचं भांडं माहेरी ठेवू म्हणणाऱ्या पोरीला चार बायकांत कैदाशीण ठरवलं होतं.

काकू पुढे आल्या. बायकांनी वाट दिली. काकूंनी घंगाळाच्या काठावर हात ठेवला, नावापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. न घासलेले ते ठिपके पॉलिशने जास्तच उठून दिसत होते.

वल्लरीताई भल्या होत्या. त्यांना वाटलं, म्हातारीचं मन बसलंय. "आजी, तुम्हाला घ्यायचं होतं का? तुम्ही घेणार असाल तर मी दुसरं बघते."

उत्तमच्या जिवात जीव आला. आत्ता म्हणावं, हे विकायचं नाही. आत्ता टेबलावरून उचलावं आणि काकूंच्या हातात द्यावं. पायाही पडावं. पण मग योगिनी विचारेल, का? ती दोन हात अंतरावर पाठमोरी, दुसऱ्या गिऱ्हाईकाला बिल देत होती, बापाच्या गोष्टीवर खूश होती. तिच्यासमोर काय सांगणार? लोक पुष्कळ पापं बोलून करतात, रासन्यांनी हे गप्प बसून केलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही घ्या. आमच्याकडे जागा नाही."

"तुमच्याकडे होतं का असं?"

"होतं." काकूंनी हात काढून घेतला. "पाणी छान गरम राहतं यात."

"आई, चला," दिशा म्हणाली. जाताना तिने उत्तमकडे एकदाच बघितलं. काकूंनी तेवढंही केलं नाही.

आणि उत्तमने काय केलं असेल? त्याने घंगाळ कागदात गुंडाळलं. दोरी बांधली. वर 'धन्यवाद ताई' म्हणाला. पुढे कित्येक दिवस त्याला दुसरं काही आठवलं नाही तरी ती दोरीची गाठ आठवायची, कशी नीट, दुहेरी मारली होती ती. परतीच्या टेम्पोत योगिनी बडबडत होती, "बाबा, तुम्ही आज कमाल केलीत! सगळ्या रडायला आलेल्या." उत्तमने डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटून घेतले.

दिवाळी गेली. धनत्रयोदशीला काकू दुकानात आल्या नाहीत. पहिल्यांदाच. उत्तम दिवसभर दाराकडे बघत होता आणि आल्या तर काय करायचं म्हणून घाबरतही होता. हेमांगीने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं, "करंदीकर काकू नाही आल्या का हो यंदा?" तर हा तिच्यावर खेकसला. ती बिचारी बघतच राहिली.

शेवटी त्याला राहवेना. वल्लरीताईंचा पत्ता घेतला आणि माल द्यायला चाललोय असं घरी सांगून तो घोडबंदरला गेला. घंगाळ परत मागायचं, म्हणतील ती किंमत द्यायची आणि काकूंच्या दारात नेऊन ठेवायचं, असं ठरवून गेला. टॉवरच्या खाली नाव-गाव विचारलं गेलं, फोटो काढला गेला, मग वर सोडलं. वल्लरीताईंनी आनंदाने दार उघडलं. "अहो काका, या! बघा ना कुठे ठेवलंय."

बाल्कनीत होतं. मातीने भरलेलं. त्यात मोठ्या फाटक्या पानांचं कसलंसं झाड लावलं होतं.

"पाणी साचून मुळं कुजतात म्हणून तळाला भोकं पाडून घेतली," ताई म्हणाल्या. "पाच पाडली. तांबं काय मऊ असतं हो! नाव मात्र दर्शनी बाजूला ठेवलंय. येईल त्याला मी द्वारकाची गोष्ट सांगते. सगळे हळहळतात. ती सून कसली ना?"

उत्तमने चहा घेतला. नको म्हणायचंही त्याला सुचलं नाही. भोकं पडलेलं घंगाळ काय तोंडाने परत मागणार, आणि कुणाला नेऊन देणार? दिशा घोडबंदरच्या सत्ताविसाव्या मजल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी वाईट होत होती. हे आता उत्तमच्या हातात राहिलं नव्हतं. एकदा सांगितलेली गोष्ट काही मोडीत घेता येत नाही.

योगिनीचं लग्न जवळ आलं. पत्रिका आल्या आणि त्यांत सर्वांत खाली, मुलाकडच्यांच्या आग्रहाने, 'कृपया आहेर आणू नये'. भांडीवाल्याच्या घरच्या पत्रिकेत! अख्ख्या गल्लीने चेष्टा केली. उत्तमही हसला, तेवढ्यापुरतं. गल्लीत घरोघर अक्षता देऊन बोलावणी झाली. करंदीकरांच्या दारात मात्र उत्तम गेला नाही. हेमांगी म्हणाली मी जाते, तर म्हणाला मी जाऊन आलो. आणि केलं काय, तर पत्रिकेचा फोटो काकूंच्या फोनवर पाठवला. खाली हात जोडल्याचं चित्र. शी! अप्पा असते तर त्यांनी कानस फेकून मारली असती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काकू दुकानाची पायरी चढल्या. एकट्याच, हातात भाजीची पिशवी. योगिनी काउंटरला होती. "काकू! किती दिवसांनी! बसा ना." ती स्टूल घ्यायला धावली. उत्तम माळ्याच्या शिडीवर होता. तो तिथेच थिजला. वर जावं की खाली यावं कळेना.

"खाली ये रे उत्तम. म्हातारीची मान दुखते वर बघून."

तो उतरला.

"योगिनीचं लग्न. पत्रिका मिळाली मला, फोनवर." काकूंचा आवाज नेहमीचाच होता, आणि तेच सोसत नव्हतं. "आहेर आणू नये लिहिलंयस. वाचलं. पण आमच्यात मुलीला रिकाम्या हाताने नाही पाठवत. ते पातेलं काढ बघू. ते नाही, मोठं. बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवता येईल एवढं."

योगिनी लाजली. "काकू, तुम्ही पण ना!"

उत्तमने पातेलं काढलं. "काकू, याचे पैसे मी नाही..."

"पैसे घ्यायचे. पुरे घ्यायचे. दुकान आहे ना तुझं?" त्यांनी बटव्यातून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. "आणि नाव घाल. 'चि. योगिनी हिस सुमतीकाकूंकडून'."

उत्तम स्टुलावर बसला. मशीन हातात घेतलं. आयुष्यभर जे डोळे मिटून केलं ते आज जमेना. काकू समोर, अगदी हातभर अंतरावर, त्याच्या बोटांकडे बघत होत्या. 'चि.' कसंबसं आलं. 'यो' अर्धवटच टाकून त्याने मशीन उचलून घेतलं.

"नीट घाल हो," काकू म्हणाल्या. "चांगलं ठळक घाल. पुढेमागे कुणाला विकायचं झालं, तर वाचता आलं पाहिजे."

योगिनी खळखळून हसली. "काय काकू! तुम्ही दिलेलं आम्ही विकू होय?" मग तिने बापाकडे बघितलं आणि तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. "बाबा? काय झालं?"

उत्तमला हे टाळायचं होतं. एवढे वळसे घातले ते ह्याच्यासाठीच घातले होते. पण आता मान वर करायला जागाच उरली नव्हती. तो पातेल्याकडे बघूनच बोलला.

"ते घंगाळ काकूंचं होतं, योगिनी. द्वारका म्हणजे त्यांची आई. मी त्यांना सांगितलं भट्टीत जाणार म्हणून. नाव घासतो म्हणालो. मोडीच्या भावात घेतलं, आणि... आणि दिशाने काही केलं नव्हतं. उलट ती ठेवा म्हणत होती. सगळं मी रचलं." त्याने मशीन खाली ठेवलं. "काकू, मी आणायला गेलो होतो. भोकं पाडलीत हो त्याला. झाड लावलंय."

योगिनी बापाकडे अशी बघत होती, जणू चुकून दुसऱ्याच कुणाच्या दुकानात शिरली असावी. उत्तमने ती नजर ओळखली. आता तिचा विश्वास पुन्हा पहिल्यासारखा बसायचा नाही, हेही त्याला समजलं.

काकूंनी विचारलं, "कसलं झाड?"

"माहीत नाही. पानं मोठी आहेत."

"पाणी घालतात ना त्याला?"

"घालतात."

"मग ठीक आहे." त्यांनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या, पिशवी जवळ ओढली. "दिशाकडे मात्र तू स्वतः यायचंस. संध्याकाळी सातला येते ती. तिच्यासमोर बोलायचं, हे आत्ता बोललास तसं. मी तिच्या वतीने काही माफ करणार नाही, सांगून ठेवते. तिला त्या दिवसापासून घास गोड लागत नाही." मग पातेल्यावर टिचकी मारली. "आता नाव घाल बघू. मला अजून मटार घ्यायचेत."

योगिनी उठली. खिळ्यावरची कानस काढून तिने बापाच्या समोर, काउंटरवर ठेवली आणि आत निघून गेली. उत्तमने मशीन पुन्हा चालू केलं. डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं, तरी अक्षर वळणदारच येत होतं, सवयीचं. सुमतीकाकूंचं नाव त्याने खोल घातलं, कुणी कितीही कानस मारली तरी जाणार नाही इतकं खोल.